घाम तापाचा नव्हता

पहाटे साडेचारला त्या घामाने चिंब भिजलेल्या होत्या. दोन दिवस अंगात ताप होता, म्हणून मुलाने कपाळाला हात लावून पाहिला. कपाळ गार लागलं आणि घरातल्या सगळ्यांना हायसं वाटलं. घाम आला म्हणजे ताप उतरला, हे तर लहानपणापासून कानावर पडलेलं. त्यांचे कपडे बदलले, पांघरूण घातलं आणि सगळे पुन्हा झोपले. साडेपाचला त्या उठून बसल्या, मुलाला भलत्याच नावाने हाक मारू लागल्या आणि दाराऐवजी भिंतीकडे चालत गेल्या. तेव्हा कुणाला तरी ग्लुकोमीटर आठवला. रक्तातल्या साखरेचा आकडा आला ४१, धोकादायक कमी.

हे प्रकरण कुणा एका व्यक्तीचं नाही. मधुमेह असलेल्यांच्या बाबतीत पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या घटना एका धाग्यात ओवून ते अभ्यासासाठी उभं केलं आहे. मधुमेहावर लिहिताना आपण खाणं, चालणं, वजन यांबद्दल भरभरून बोलतो. पण दुसऱ्याच दुखण्यासाठी घेतलेल्या साध्या औषधाने साखर चढू शकते, आणि ते औषध उतरलं की चढलेल्या साखरेसाठी केलेला उपायच अंगावर येऊ शकतो, याबद्दल फार कमी बोललं जातं. मला हे मनापासून खटकतं, कारण ४१ चा हा आकडा टाळता येण्यासारखा होता. तोही एका ठिकाणी नाही, चार ठिकाणी.

आधीची स्थिती

वय ६४. टाइप २ मधुमेह ११ वर्षांपासून. मेटफॉर्मिन ५०० मि.ग्रॅ. दिवसातून दोनदा आणि ग्लिमेपिराइड १ मि.ग्रॅ. सकाळी. उपाशीपोटीची साखर १२० ते १३५, जेवणानंतरची १७० ते १९०. दोन महिन्यांपूर्वीचं एचबीए१सी, म्हणजे दोन-तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारा तपास, ७.० टक्के. रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायाझाइड १२.५ मि.ग्रॅ. एकत्र असलेली गोळी. पूर्वी हृदयाला त्रास झालेला, त्यासाठी मेटोप्रोलॉल, अॅटोरव्हास्टॅटिन आणि अॅस्पिरिन ७५ मि.ग्रॅ. वर्षभरापूर्वी रक्तातलं क्रिएटिनिन १.१ होतं, म्हणजे मूत्रपिंडाची गाळण्याची क्षमता, ज्याला ईजीएफआर म्हणतात, साधारण ५६. वयाच्या मानाने चिंता करावी असं काही नाही, पण अगदी निर्धास्त राहावं असंही नाही.

थोडक्यात, नीट चाललेला मधुमेह. गोळ्या वेळेवर, तपासण्या वेळेवर. हे मुद्दाम नोंदवतो, कारण साखर बिघडली की पहिला संशय रुग्णाच्या जिभेवर जातो. इथे त्यांची काही चूक नव्हती.

घटनाक्रम

उजवा खांदा चार महिन्यांपासून आखडला होता. मधुमेह असलेल्यांमध्ये हे दुखणं इतरांपेक्षा जास्त आढळतं. व्यायामाने आराम पडेना, तेव्हा अस्थिरोगतज्ज्ञांनी सांध्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं, ट्रायमसिनोलोन ४० मि.ग्रॅ. तो पहिला दिवस धरू. निर्णय योग्य होता. इंजेक्शन देताना “मधुमेह आहे का?” असं विचारलं गेलं, “आहे, पण कंट्रोलमध्ये आहे” असं उत्तर मिळालं आणि विषय तिथेच संपला. पुढचे काही दिवस साखर वाढेल, हे वाक्य कुणी उच्चारलं नाही. टाळण्याची पहिली जागा ही.

दुसऱ्या दिवशी उपाशीपोटी १७४, दुपारच्या जेवणानंतर २६८. तिसऱ्या दिवशी उपाशीपोटी २११ आणि संध्याकाळी ३४२. इतका आकडा त्यांनी अकरा वर्षांत पाहिला नव्हता. घाबरून मधुमेहाच्या डॉक्टरांना फोन केला. साखर ३४२ झाली आहे, खाण्यात काही बदल नाही, गोळ्या चालू आहेत, एवढं सांगितलं. इंजेक्शनचा उल्लेख झाला नाही. त्यांच्या दृष्टीने ते खांद्याचं औषध होतं, साखरेशी त्याचा काय संबंध? आणि पलीकडूनही “गेल्या आठवड्यात नवीन काही औषध, इंजेक्शन?” असा प्रश्न आला नाही. दुसरी जागा. ग्लिमेपिराइड १ मि.ग्रॅ. ऐवजी सकाळी २ आणि संध्याकाळी २ मि.ग्रॅ. झालं. दिवसाचा डोस चौपट. चिठ्ठीवर लिहिलं होतं: “पुढील भेटीपर्यंत.” पुढची भेट पाच आठवड्यांनी होती.

चौथ्या दिवशी २९६, पाचव्या दिवशी २३८, सहाव्या दिवशी १८७. सातव्या दिवशी उपाशीपोटी १२२ आणि जेवणानंतर १६४. सगळ्यांना वाटलं, गोळी लागू पडली. खरं तर त्याच दिवसांत इंजेक्शनचा अंमल ओसरत होता, आणि वाढवलेली गोळी मात्र पूर्ण जोरात होती. आकडा चांगला दिसला तो खाली सरकता सरकता वाटेत चांगल्या जागेवरून जात होता म्हणून. त्याच दिवशी त्यांनी तपासणं थांबवलं, कारण साखर “नॉर्मल” आली होती.

आठव्या दिवशी संध्याकाळी सहाच्या सुमारास हातापायांतलं बळ गेल्यासारखं झालं. थोडं खाल्ल्यावर बरं वाटलं. थकवा असेल म्हणून सोडून दिलं. त्या क्षणी मीटर लावला असता तर पुढची पहाट आलीच नसती. ही तिसरी जागा.

दहाव्या दिवशी लघवीला जळजळ, थंडी वाजून ताप. जवळच्या डॉक्टरांकडे गेल्या. लघवीचा संसर्ग दिसत होता. लिव्होफ्लॉक्सासिन ५०० मि.ग्रॅ. रोज एक, सात दिवस, आणि तापासाठी पॅरासिटामॉल. “बाकी कोणत्या गोळ्या चालू आहेत?” या प्रश्नाला “साखरेच्या आणि बीपीच्या” असं उत्तर गेलं. साखरेची गोळी आठवड्यापूर्वी चौपट झाली आहे, हे त्या उत्तरात कुठेच नव्हतं. चौथी जागा. तोंडाला चव नव्हती, खाणं निम्म्यावर आलं. गोळ्या मात्र एकही चुकली नाही. बाराव्या दिवशी पहाटे, अँटिबायोटिकच्या दोन गोळ्या पोटात गेलेल्या असताना, घाम फुटला.

रुग्णालयात

त्यांना गिळता येत होतं, म्हणून घरच्यांनी पाण्यात ग्लुकोज पावडर घालून पाजली. ते बरोबरच केलं. माणूस शुद्धीवर नसेल किंवा गिळता येत नसेल, तर तोंडात काहीही घालायचं नाही. ते श्वासनलिकेत जातं. पंधरा मिनिटांनी साखर ८६ झाली, त्या ओळखीचं बोलू लागल्या, आणि घरात पुन्हा एकदा हायसं वाटलं. पावणेआठला त्या पेंगू लागल्या. मीटरवर ५२.

हे दुसऱ्यांदा उतरणं समजून घेण्यासारखं आहे. इन्सुलिनचं थोडं जास्त युनिट घेतल्याने साखर उतरली, तर इन्सुलिनचा अंमल संपला की प्रकरण बहुधा मिटतं. ग्लिमेपिराइडसारख्या सल्फोनिलयुरिया गटातल्या गोळ्यांचं तसं नाही. त्यांचा अंमल दिवसभर चालतो, आणि मूत्रपिंड मंदावलेलं असेल तर त्याहूनही लांबतो. ही गोळी स्वादुपिंडातल्या पेशींना इन्सुलिन सोडायला भाग पाडते. रक्तात साखर किती आहे, हे ती विचारत नाही. शिवाय तोंडाने किंवा शिरेतून ग्लुकोज दिलं की त्यानेही इन्सुलिन सुटतं, आणि गोळीच्या अमलाखालच्या पेशी जास्तच सोडतात. म्हणून साखर वर जाते आणि पुन्हा खाली येते. अशा रुग्णाला “साखर वर आली, आता घरी जा” म्हणायचं नसतं. त्यांना दाखल करून डेक्स्ट्रोजची ड्रिप लावली आणि दर तासाला साखर तपासली. दुपारी एकदा ५८ पर्यंत उतरली, मग नाही. वारंवार उतरत राहिली असती, तर इन्सुलिनचं सुटणंच दाबणारं ऑक्ट्रिओटाइड हाताशी होतं. त्याची गरज पडली नाही.

क्रिएटिनिन १.३ आलं, ईजीएफआर ४६. ताप आणि कमी पाणी पिणं यामुळे त्यात तात्पुरती घट असू शकते, पण गोळ्या शरीराबाहेर टाकण्याच्या दृष्टीने त्या दिवशीचा आकडा हाच खरा.

आणि एचबीए१सी? ७.१. बारा दिवसांत ३४२ आणि ४१ या दोन टोकांना जाऊन आलेल्या माणसाचा अहवाल असा गुळगुळीत. दोन-तीन महिन्यांच्या सरासरीत थोड्या दिवसांचं वादळ विरून जातं. औषधामुळे होणारे चढउतार पकडायला हा तपास नाही, इथे दिवसातून तीन-चार वेळा बोट टोचण्याला पर्याय नाही.

साखर चढली कशी

स्टेरॉइड एकाच वेळी तीन बाजूंनी काम करतं. यकृताला जास्त साखर तयार करायला लावतं, स्नायूंना इन्सुलिनचं ऐकू देत नाही, आणि इन्सुलिन सोडणाऱ्या पेशींचा प्रतिसादही मंदावतं. सांध्यात दिलेलं असलं तरी त्यातला काही भाग रक्तात उतरतोच. साखर बहुधा पहिल्या एक ते तीन दिवसांत चढते आणि साधारण आठवड्याभरात मूळ जागी येते. आपल्या प्रकरणात अगदी तसंच घडलं.

इथे एक फरक सांगायलाच हवा, कारण त्यावरून गोळीची वेळ ठरते. दम्यासाठी किंवा अॅलर्जीसाठी सकाळी तोंडाने प्रेडनिसोलोन घेतलं, तर साखर दुपारी आणि संध्याकाळी चढते, आणि रात्रीत उतरून सकाळी उपाशीपोटी जवळपास बरी दिसते. असा रुग्ण फक्त सकाळी तपासत असेल तर त्याला काहीच कळत नाही. आणि दुपारच्या आकड्याला घाबरून रात्रीचा डोस वाढवला, तर पहाटे साखर पडते. सांध्यात दिलेलं साठ्याचं इंजेक्शन मात्र हळूहळू झिरपतं, त्यामुळे उपाशीपोटीचा आकडाही चढतो. २११ हा आकडा त्याचीच खूण होती. डेक्सामेथासोन या आणखी एका स्टेरॉइडचा अंमल दीड-दोन दिवस टिकतो. “स्टेरॉइड घेतलं” एवढ्याने भागत नाही. कोणतं, कोणत्या वाटेने, किती वाजता, हे सगळं कळायला हवं.

साखर पडली कशी

माझ्या मते यात सगळ्यात मोठा वाटा उतरवायचा राहून गेलेल्या डोसचा आहे. स्टेरॉइड ओसरल्यावर शरीराला जुना १ मि.ग्रॅ. पुरेसा होता, पोटात ४ जात होते. त्यातला निम्मा संध्याकाळी, म्हणजे रात्रीच्या लांब उपाशी वेळेच्या तोंडावर. आठव्या दिवशीची संध्याकाळ हेच सांगत होती, तेव्हा अँटिबायोटिक चित्रात आलंही नव्हतं.

पण अँटिबायोटिकचा वाटाही लहान समजू नये. लिव्होफ्लॉक्सासिन ज्या फ्लुरोक्विनोलोन गटात येतं, त्यातली औषधं स्वादुपिंडाच्या पेशींवरचा तोच पोटॅशियमचा दरवाजा बंद करू शकतात, जो सल्फोनिलयुरिया बंद करते. दरवाजा बंद झाला की इन्सुलिन सुटतं. दोन्ही औषधं एकत्र आली की एकाच दाराला दोन कड्या. याच गटातलं गॅटिफ्लॉक्सासिन साखरेच्या अशा चढउतारांमुळे इतकं बदनाम झालं, की अमेरिकेत २००६ मध्ये त्याच्या गोळ्या आणि इंजेक्शनची विक्री थांबली, डोळ्यांत घालायचे थेंब तेवढे राहिले. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने जुलै २०१८ मध्ये संपूर्ण गटाच्या माहितीपत्रकातला इशारा अधिक कडक केला. साखर उतरून बेशुद्ध झालेल्या किमान ६७ रुग्णांच्या नोंदी त्यांच्यासमोर होत्या, त्यांतले १३ दगावले होते. वयस्कर माणसं आणि साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणारी माणसं यांना धोका जास्त, असं त्यांनी स्पष्ट म्हटलं. हीच औषधं काही वेळा साखर चढवतातही, त्यामुळे अंदाजावर न राहता मोजत राहणं भाग असतं.

अँटिबायोटिक आणि साखर यांचं नातं आजचं नाही. १९४२ मध्ये फ्रान्समधल्या माँपेलिए इथे मार्सेल जानबाँ विषमज्वराच्या रुग्णांना एक नवं सल्फा औषध देऊन पाहत होते. रुग्णांची साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू लागली. त्याच शहरातल्या ऑगस्ट लुबातिएर यांनी त्यामागचं कारण शोधलं: हे औषध स्वादुपिंडाकडून इन्सुलिन सोडवून घेतं. १९५० च्या दशकात मधुमेहासाठी सल्फोनिलयुरिया गोळ्या आल्या त्या या धाग्यातून. म्हणजे आज आपण ज्याला साखरेची गोळी म्हणतो, तिचा जन्म एका अँटिबायोटिकच्या दुष्परिणामातून झाला. हे कळलं की लघवीच्या संसर्गासाठी सर्रास दिलं जाणारं कोट्रायमॉक्सझोल ग्लिमेपिराइडसोबत का जपून द्यायचं, हे वेगळं पाठ करावं लागत नाही. त्यातला सल्फाचा भाग त्याच घराण्यातला आहे, शिवाय ग्लिमेपिराइडचं विघटन करणाऱ्या यकृतातल्या एन्झाइमलाही तो अडवतो. बुरशीसाठी दिलं जाणारं फ्लुकोनॅझोल तेच एन्झाइम अडवतं. क्लॅरिथ्रोमायसिनही या गटातल्या गोळ्यांसोबत साखर पाडू शकतं.

मूत्रपिंडाचा मुद्दा दोन्हीकडून लागू होतो. ग्लिमेपिराइडपासून शरीरात तयार होणारा सक्रिय घटक लघवीतून बाहेर पडतो आणि लिव्होफ्लॉक्सासिनही. गाळण्याची क्षमता ५० च्या खाली गेली की लिव्होफ्लॉक्सासिनचा डोस कमी करायचा असतो. इथे तो पूर्ण गेला, कारण त्या दिवशीचं क्रिएटिनिन कुणाकडेच नव्हतं. त्यात खाणं निम्मं.

कोणाचा वाटा किती टक्के, हे सांगता येणार नाही, आणि तसं सांगणाऱ्यावर मी विश्वास ठेवणार नाही. पाच गोष्टी एकाच रात्री एकत्र आल्या.

फक्त घामच का

साखर उतरली की हात थरथरतात, छातीत धडधडतं, भूक लागते, घाम येतो. शरीराची ही धोक्याची घंटा. त्यातली थरथर आणि धडधड अॅड्रिनॅलिनमुळे होते, आणि मेटोप्रोलॉलसारखी बीटा ब्लॉकर औषधं नेमकी तीच दाबतात. घाम मात्र दाबला जात नाही, कारण घामाच्या ग्रंथींकडे जाणाऱ्या नसा अॅसिटिलकोलिन नावाच्या वेगळ्या रसायनाने निरोप पोहोचवतात. म्हणून बीटा ब्लॉकर घेणाऱ्या माणसाला साखर पडल्याची जी एक खूण हमखास उरते, ती म्हणजे घाम. आणि या घरात त्या घामाचा अर्थ लावला गेला, ताप उतरला. बुडणाऱ्या माणसाने वर काढलेला हात निरोपाचा समजावा, तसं झालं. यात घरच्यांना दोष देता येत नाही. ही एक गोष्ट त्यांना कधी कुणी सांगितलीच नव्हती.

प्रोप्रानोलॉलसारखी, हृदयापुरती न थांबता शरीरात इतरत्रही काम करणारी बीटा ब्लॉकर तर यकृतातून साखर सुटण्याची वाटही अडवतात, त्यामुळे साखर पडल्यावर सावरायला वेळ लागतो. मेटोप्रोलॉलमध्ये हा त्रास कमी. हृदयासाठी त्यांना ते हवंच होतं, म्हणून चालू ठेवलं.

पिशवीतली बाकीची औषधं

दाखल झाल्यावर मुलाने घरातली औषधांची पिशवी आणून टेबलावर रिकामी केली. मला ही पद्धत कोणत्याही छापील यादीपेक्षा जास्त भरवशाची वाटते. त्याने विचारलं, “यातलं अजून काय काय बंद करायचं?” उत्तर होतं, नेहमीच्या औषधांतलं कायमचं बंद करावं असं अजून काहीही नाही. पण का नाही, ते समजावणं गरजेचं होतं.

हायड्रोक्लोरोथायाझाइडच्या गटातली औषधं साखर थोडी वाढवतात, रक्तातलं पोटॅशियम उतरलं तर जास्त, कारण कमी पोटॅशियममध्ये इन्सुलिन नीट सुटत नाही. रक्तदाबाच्या औषधांची तुलना करणाऱ्या २००२ च्या ऑलहॅट अभ्यासात ज्यांना आधी मधुमेह नव्हता, त्यांच्यापैकी याच प्रकारचं क्लोरथॅलिडोन घेणाऱ्या ११.६ टक्के लोकांना चार वर्षांत तो झाला, अॅम्लोडिपिन घेणाऱ्यांत ९.८ आणि लिसिनोप्रिल घेणाऱ्यांत ८.१ टक्के. फरक आहे, पण १२.५ मि.ग्रॅ. च्या डोसने साखर ३४२ होत नाही. वर्षानुवर्षं चालू असलेली गोळी अचानक आलेल्या वादळाचं कारण सहसा नसते. आधी नव्या पाहुण्याकडे पाहायचं.

स्टॅटिनबद्दल लोकांच्या मनात भीती फार. स्टॅटिनने मधुमेहाचा धोका थोडा वाढतो, हे खरं आहे, आणि अमेरिकेत २०१२ पासून तसा इशारा माहितीपत्रकात आहे. पण २०१० साली अनेक अभ्यास एकत्र करून काढलेला हिशेब असा, की २५५ लोकांनी चार वर्षं स्टॅटिन घेतलं तर त्यांच्यापैकी एका जास्तीच्या व्यक्तीला मधुमेह होतो. ज्यांचं हृदय एकदा दुखावलं आहे, त्यांनी या भीतीने गोळी सोडणं म्हणजे मोठं संकट ओढवून घेणं. अॅस्पिरिन खूप मोठ्या डोसमध्ये साखर उतरवतं, ७५ मि.ग्रॅ. मध्ये त्याचा विचार करायचं कारण नाही. मेटफॉर्मिन एकटं साखर धोकादायक पातळीला पाडत नाही. ताप आणि पाण्याची कमतरता होती म्हणून ते दोन दिवस थांबवून मग सुरू केलं.

पिशवीत तळाशी व्हिटॅमिन सीच्या १००० मि.ग्रॅ. च्या गोळ्या निघाल्या, कुणीतरी “प्रतिकारशक्तीसाठी” सुचवलेल्या. त्या कोणत्याच यादीत नव्हत्या. त्या गोळ्यांनी साखर बदलत नाही, पण दंडावर लावायच्या, साखर मोजणाऱ्या काही सेन्सरांना व्हिटॅमिन सीच्या मोठ्या डोसने साखर खरीपेक्षा जास्त दिसते. त्यांना घरी सोडताना चौदा दिवसांसाठी असाच सेन्सर लावायचा होता. साखर उतरलेली असताना पडद्यावर ठीक दिसणं ही त्यांच्या बाबतीत सगळ्यात वाईट चूक ठरली असती. गोळ्या थांबवल्या, त्यांची गरज नव्हतीच. काही जुन्या सेन्सरांच्या बाबतीत साधं पॅरासिटामॉलही असाच खोटा चढा आकडा दाखवतं. ज्याचा जो सेन्सर असेल, त्याचं माहितीपत्रक एकदा वाचावंच.

पुढे काय केलं

ग्लिमेपिराइड बंद केलं. वय, मूत्रपिंड, बीटा ब्लॉकर आणि एकदा अशी पडलेली साखर, या चारही गोष्टी त्याच्या विरोधात होत्या. त्याऐवजी लिनाग्लिप्टिन ही मधुमेहाची दुसरी गोळी दिली. त्याचा डोस मूत्रपिंडासाठी बदलावा लागत नाही आणि ते एकटं किंवा मेटफॉर्मिनसोबत साखर पाडण्याची शक्यता कमी. लिव्होफ्लॉक्सासिन थांबवून सेफॅलोस्पोरिन गटातलं अँटिबायोटिक दिलं. लघवीच्या संसर्गासाठी दिल्या जाणाऱ्या नायट्रोफ्युरँटोइनचाही विचार झाला, पण ताप आणि थंडी होती, म्हणजे संसर्ग मूत्राशयापुरता नसावा. तिथे ते पुरेसं पोहोचत नाही.

घरी सोडण्याच्या दिवशी डॉक्टरांनी त्यांना विचारलं, “काकू, ती गोळी वाढवली होती, ती परत कमी कधी करायची, हे कुणी सांगितलं होतं का?”

“पुढच्या वेळी याल तेव्हा बघू, असं म्हणाले होते.”

“आणि साखर चांगली आली तेव्हा?”

“चांगली आली म्हणून तर तशीच चालू ठेवली ना, डॉक्टर.”

त्यांचं म्हणणं अगदी बरोबर आहे. शिस्तीत वागणारा रुग्ण असंच करणार. तात्पुरत्या कारणासाठी वाढवलेल्या डोसला संपण्याची तारीख नसेल, तर तो तात्पुरता राहत नाही. तिसऱ्या दिवशी कारण कळलं असतं, तर डोस कदाचित वाढवावाही लागला नसता. पाणी भरपूर, दिवसातून चार वेळा तपासणं आणि पाच-सहा दिवस धीर, एवढ्यावर अनेकांचं निभावतं. वाढवावाच लागला असता, तरी “पाच दिवस, आणि साखर १५० च्या खाली आली की त्याच दिवशी जुन्या डोसवर” असं लिहिता आलं असतं. एका ओळीचं काम.

त्यांच्या वहीच्या पहिल्या पानावर आता चार गोष्टी लिहिल्या आहेत: सध्याच्या गोळ्या, शेवटचा बदल कोणत्या तारखेला आणि कशासाठी, शेवटचं क्रिएटिनिन, आणि मोठ्या अक्षरांत “घाम आला तर आधी मीटर”. ती वही दातांच्या डॉक्टरांकडेही जाते.

आठ महिन्यांनी डावा खांदा आखडला. असं होतं, एक बरा होतो आणि दुसरा धरतो. पुन्हा इंजेक्शनची वेळ आली, आणि त्यांनी ते नाकारलं. मुलगाही नको म्हणाला. मग मधुमेहाच्या आणि हाडांच्या डॉक्टरांचं एकमेकांशी फोनवर बोलणं झालं, पाच मिनिटांचं. इंजेक्शनची तारीख ठरली. सात दिवस रोज चार वेळा साखर तपासायची. लागोपाठ दोनदा ३०० च्या वर गेली, उलट्या झाल्या किंवा धाप लागली तर लगेच फोन. तोवर गोळ्यांत काहीही बदल नाही. चिठ्ठीवर सातव्या दिवसाची तारीख लिहून तिच्याखाली रेघ मारली होती.

दुसऱ्या दिवशी २४४, तिसऱ्या दिवशी संध्याकाळी २९१. त्या रात्री मुलाने फोन हातात घेऊन परत ठेवला. चौथ्या दिवशी २५२, पाचव्या दिवशी २०३. सातव्या दिवशी उपाशीपोटी १३१. वहीत त्या आकड्यापुढे त्यांनी स्वतः लिहिलं आहे, “गोळी तीच.”